मामंजींचा परदेशातील हिवाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सभेत उभे राहण्याची सवय नाही. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "आपल्या मंडळातल्या कितीतरी जणींची मुले बाहेरदेशी आहेत. उद्या त्यांना बोलावणे येईल. तिथला हिवाळा कसा काढावा लागतो ते तू घरगुती भाषेत सांग." म्हणून हे धाडस करीत आहे.

२०१२ साली आम्ही कॅनडात ब्रॅम्प्टन या गावी गेलो. ते टोरांटो शहराच्या लगत आहे. आमचे हे तेथे कारखान्यात वेल्डिंगचे काम करतात. सासूबाईंना तेथे आणावे असे यांच्या फार मनात होते. पण पैशाची जुळणी होईतो २०१७ साली त्या गेल्या. मग यांनी ध्यासच घेतला, की निदान आबांना तरी आणावयाचेच. आबा म्हणजे माझे मामंजी. वय त्या वेळी त्र्याहत्तर, कऱ्हाडजवळ आमची ऊस-सोयाबीनची शेती. सारे म्हणत, उन्हाळ्यात आणा. पण मे-जून म्हणजे पेरणीची घाई. शेतकरी माणूस तेव्हा गाव सोडील का? २०१८ ची दिवाळी झाली, सोयाबीन घरात आले, आणि कार्तिकात ते विमानात बसले.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. आईवडिलांसाठी तेथे 'सुपर व्हिसा' म्हणून आहे. त्यावर तेव्हा एका खेपेस दोन वर्षे राहता येई, २०२२ पासून पाच वर्षे राहता येते. त्यासाठी निदान एक लाख डॉलरचा, एक वर्षाचा दवाखान्याचा विमा आधी काढावा लागतो. पाहुण्याला सरकारी दवाखाना फुकट नाही. ज्यांना रक्तदाब, मधुमेह आहे त्यांनी तो विमा कोणाकडून तरी नीट वाचून घ्यावा. जुन्या दुखण्याच्या अटी बारीक अक्षरांत असतात. आणि औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह येथूनच न्यावी, पण जास्तीत जास्त नव्वद दिवसांपुरतीच नेता येतात.

थंडीचे म्हणाल तर बाहेर उणे पंधरा अंश आणि घरात आपल्या माघातल्या दुपारसारखी ऊब. येथली घोंगडी, स्वेटर वाया जात नाहीत. पण वरचा वारा न शिरणारा कोट आणि बूट मात्र तेथेच घ्यावे. घर तापविण्याच्या यंत्राने हवा इतकी कोरडी होते की टाचा फुटतात. आठव्या दिवशी मामंजींच्या नाकातून रक्त आले. ते घाबरले नाहीत, हे घाबरले. मी गरम हवा येते त्या जाळीपाशी पातेल्यात पाणी ठेवू लागले आणि रात्री त्यांना नाकात तुपाचे बोट फिरवावयास दिले. पुन्हा रक्त आले नाही. दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो, तोही कोरड्या हवेचाच प्रकार. मामंजी प्रत्येक वेळी त्या मुठीला एक शिवी देत.

न्हाणीघराची गोष्ट मात्र नवीन माणसाला आधी सांगावीच. तेथे जमिनीला मोरी नसते. घरे लाकडाची, बाहेर पाणी सांडले तर खालच्या खोलीचे छत ओले होते. आपल्या माणसाला बादली-तांब्याशिवाय अंघोळ केल्यासारखे वाटत नाही. मी त्या मोठ्या टबातच प्लॅस्टिकचे स्टूल ठेवले, खाली न सरकणारी रबरी चटई घातली, बादली आत दिली. मामंजी म्हणाले, "काहिलीत बसल्यावाणी वाटतंय." पण अंघोळ रोज झाली.

एवढे सारे जमले. जे जमेना ते निराळेच होते. येथे ते पहाटे चारला उठून गोठ्यात जात. तेथे डिसेंबरात पावणेआठपर्यंत सूर्य नाही आणि पावणेपाचला तो गेलासुद्धा. मुले शाळेत, हे पाळीवर, आणि घरात आम्ही दोघे. लग्नाला वीस वर्षे झाली होती, पण जेवायला वाढले, चहा घ्या, यापलीकडे मी त्यांच्याशी बोलल्याचे आठवत नाही. आता सुनेने स्वयंपाकघरात आणि सासऱ्याने सोफ्यावर असे किती दिवस बसावे? ते खिडकीतून रस्त्यावरच्या मोटारी मोजीत. यांनी त्यांना बजावलेच होते, "आबा, जन्मभर राबलात, आता नुसते बसा."

विसाव्या दिवशी चहा घेताना मामंजी मला म्हणाले, "सूनबाई, मला माघारी लावून द्या. हितं खायचं आन् झोपायचं. आमच्या म्हशीलाबी ह्यापरीस जास्त काम हाय."

यांना सांगितले तर यांच्या डोळ्यांत पाणी आले. "आईचे काही करता आले नाही, आणि आता हेही निघाले," एवढेच बोलले.

पुढे दोन दिवसांनी रात्रीत पुष्कळ बर्फ पडले. हे रात्रपाळीला होते. सकाळी पाहते तो मामंजी स्वेटर आणि धोतरावर, बर्फाचे खोरे घेऊन दाराबाहेर! भगिनींनो, हे बर्फ दिसावयास कापसासारखे, पण खोऱ्यावर आले की जड होते. थंडीत एकदम असा जोर केला तर हृदयावर ताण येतो, म्हणून वय झालेल्यांनी, त्यातून रक्तदाब असलेल्यांनी, ते काढू नये असे तेथले डॉक्टर सांगतात. पण सुनेने सासऱ्याच्या हातचे खोरे कसे हिसकावून घ्यावे? मी मिठाचा डबा पुढे केला आणि म्हटले, "मामंजी, खोरे यांचे. मीठ तुमचे. पायऱ्यांवर टाकले की निसरडे होत नाही. रोज पाहणारे कोणी नाही, मुले पडतात."

खोरे त्यांनी भिंतीला लावले. डब्यातले मीठ हातात घेऊन ते कितीतरी वेळ पाहत राहिले. आपल्या कृष्णाकाठी उसाला पाणी जास्त होऊन राने क्षारपड झाली ती तुम्ही पाहिलीच आहेत. ते म्हणाले, "रानात मीठ फुटलं की कुणबी रडतोय, आन् तुमी इकत आणून भुईवर टाकताय!" पण काम पत्करले. दारातल्या मेपलच्या बुंध्याशी एक खडा जाऊ दिला नाही. त्या बाजूस वाळू टाकावयाची, हे त्यांनीच ठरविले.

मग मी एकेक काम त्यांच्याकडे देत गेले. धाकट्याला सव्वाआठच्या शाळेच्या मोटारीपर्यंत पोहोचविणे. दुपारी परत आणणे. पावले आखूड आणि सपाट टाकावयाची, हात खिशात घालावयाचे नाहीत, हे धाकट्यानेच आजोबांना शिकविले. तूर निवडणे, लसूण सोलणे ही कामे मी आधी भीतभीतच पुढे ठेवली, पुरुषमाणूस, सासरा! पण सोलता सोलता ते बोलू लागले. सासूबाई पहिल्यांदा नांदावयास आल्या तेव्हा त्यांना भाकरी थापता येत नव्हती, हे मला तेथे कळले. या घरात मला वीस वर्षे सासूबाईंच्या भाकरीचे दाखले मिळत होते!

खिडकीत त्यांनी ट्रेमध्ये मेथी पेरली. उजेड कमी, म्हणून ती दोऱ्यासारखी लांब आली. "ही मेथी न्हवं, मेथीचं भूत हाय," म्हणाले, तरी तिची वरणात भाजी झालीच.

आमच्या ब्रॅम्प्टनमध्ये पंजाबी वस्ती मोठी. घराजवळच्या मॉलचे दरवाजे सकाळी दुकानांच्या आधी उघडतात आणि म्हातारी माणसे आतल्या आत फिरून घेतात. एक दिवस मी मामंजींना तेथे नेले. बाकावर चार-पाच सरदारजी बसले होते, सारे शेतकरीच. मामंजींचे हिंदी यथातथाच, त्यांना मराठी नाही. तरी ऊस तिकडेही होतो. एकरी किती निघतो, दर काय मिळतो, कारखाना पैसे केव्हा देतो, यावर बोटे मोजून दोन तास गप्पा झाल्या. पुढे ते रोज जाऊ लागले. संध्याकाळी साडेसातला गावी फोन. तेथे तेव्हा सकाळचे सहा, डेअरीला दूध घालण्याची वेळ. म्हैस किती देते येथपासून सरदारजीच्या उसापर्यंत सर्व तिकडे सांगून होई.

हे सारे यांना मुळीच आवडले नाही. "बापाला येथे आणून लसूण सोलावयास बसविले! लोक काय म्हणतील?" असे मला रागावले. मी सहसा उलट बोलत नाही. पण त्या दिवशी बोलले. म्हटले, "आत्याबाईंसाठी करावयाचे राहून गेले ते सगळे एकट्या मामंजींवर करू नका. त्यांना ओझे होते." हे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कामावरून येताना बुटांना बाहेरून लावावयाचे खिळ्यांचे रबरी पट्टे घेऊन आले, आणि आबांच्या बुटांना स्वतः बसवून दिले. "बसच्या थांब्यापाशी फार निसरडे आहे," एवढेच म्हणाले.

जानेवारीच्या अखेरीस फार मोठे बर्फ पडले. त्या दिवशी सरदारजींपैकी एकाचा फोन आला, की आज म्हातारबुवांना पाठवू नका. मामंजी दिवसभर चिडून होते. माघारी जाण्याची गोष्ट मात्र त्यानंतर निघाली नाही. ठरल्याप्रमाणे मार्चमध्ये, पाडव्याच्या आत ते परत आले. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, आणि गावात कोणी परदेशी निघाले की त्याला बूट कसले घ्यावे ते सांगत असतात.

विम्याच्या किंवा औषधांच्या कागदांविषयी ज्या भगिनींना विचारावयाचे असेल त्यांनी चहाच्या वेळी मला अवश्य भेटावे. मी या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत येथेच आहे.