मागणी पुन्हा लिहिताना



"तुम्ही बायका आधी एक म्हणता, मग दुसरंच," हा टोमणा समान नागरी कायद्याचा विषय निघाला की हमखास ऐकावा लागतो. टोमण्यात तथ्य आहे. १९७४ च्या 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' अहवालात या कायद्याची शिफारस होती आणि पुढे अनेक स्त्री संघटनांच्या पत्रकांत तीच मागणी होती. ती पत्रकं निघाली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी ती संस्थेच्या कपाटात वाचली.

मग १९८५ चा शहाबानो निकाल आला, १९८६ चा कायदा आला. आपलीच मागणी एका समाजाला झोडपायला वापरली जाऊ लागली. नव्वदच्या दशकात अनेक गटांनी ती पुन्हा तपासली. कुणी म्हणालं, प्रत्येक धर्माचा कायदा आतून सुधारा. कुणी म्हणालं, ऐच्छिक कायदा करा. भांडणंही झाली. पण त्यातून प्रश्न नेमका झाला: समान म्हणजे कुणाकुणात? धर्माधर्मांत, की नवरा-बायकोत?

हा फरक शाब्दिक नाही. गोव्याच्या 'समान' कायद्याचे गोडवे गातात, पण तिथल्या हिंदूंसाठीच्या १८८० च्या हुकूमनाम्यात बायकोला ठरावीक वयापर्यंत मुलगा झाला नाही तर पुरुषाला दुसऱ्या लग्नाची मुभा होती. बाकी हिंदू कायदा तरी कुठे समान होता? वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला मिळाला.

आता २०२४ चा उत्तराखंडचा कायदा बघा. वारसाहक्कात मुलगा-मुलगी सारखे, हे चांगलंच. पण लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना नोंदणीची सक्ती केली, न केल्यास तुरुंगवासाची तरतूद ठेवली आणि दोघांपैकी कुणी एकवीसच्या आतलं असेल तर निबंधकाने आईबापांना कळवायचं! घरच्यांच्या धाकाने पळून आलेल्या मुली आपल्या केंद्रात येतात. त्यांचा पत्ता सरकारच घरी पोचवणार. जुनं पत्रक तसंच हातात धरून बसलो, तर या कायद्याचं स्वागत करावं लागेल.

म्हणून आपलं निवेदन नव्याने लिहायला घेतलंय. पोटगी, राहतं घर, मुलांचा ताबा, मिळकत आणि जोडीदार निवडण्याचा हक्क, हे एकेक कलम घेऊन बोलू. जुनी पत्रकंही सोबत जोडली आहेत, तारखांसकट. ती लपवायची काही गरज नाही. मसुद्याच्या प्रती फिरवते. समास मुद्दाम मोठा सोडलाय, पेन्सिली टेबलावर आहेत.