अवघड जागेचे दुखणे

(शेतकरी व कारागीर मंडळींपुढे दिलेले व्याख्यान)



आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहो त्याचे नाव घेताच मागे बसलेल्या तरुण मंडळींस हसू येईल व बायाबापड्या पदर तोंडाशी नेतील. खुशाल हसा. हसून झाल्यावर मात्र ऐका. विषय गुदद्वाराच्या खाजेचा आहे. 'अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य' अशी आपल्यात म्हणच आहे. पण आमच्या घरांतून जावयाची गोष्ट दूरच राहिली, बायको नवऱ्यास सांगत नाही आणि बाप मुलास सांगत नाही. डोळे आले तर आपण चावडीवर सांगतो, दाढ ठणकली तर गाल धरून गावभर हिंडतो. मग याच एका जागेने असे कोणते पाप केले आहे? दिवसभर नांगरामागे किंवा मागावर राबलेल्या माणसास रात्री हक्काची झोप मिळू नये आणि त्याने ती गोष्ट कोणास बोलूही नये, हा कोठला न्याय?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. खाज सुटली की आपला पहिला समज असा होतो की, जागा स्वच्छ झाली नाही. मग माणूस साबण घेतो व खसाखसा चोळतो. खाज वाढते. मग तो जंतुनाशक औषध पाण्यात ओततो, कढत पाणी घेतो, मिठाने धुतो. कोणी तर रॉकेलचा बोळाही लावितात. जितकी खाज तितके धुणे, आणि जितके धुणे तितकी खाज! आमचे स्पष्ट सांगणे असे की, पुष्कळांची खाज अस्वच्छतेने नव्हे, तर या अति स्वच्छतेनेच टिकून राहते. कातड्याचे काम करणाऱ्या आमच्या बंधूंस विचारा. चामडे वारंवार भिजवले, उन्हात वाळवले व त्यास तेल दाखवले नाही, तर त्याचे काय होते? ते तडकते. अंगाच्या कातडीवरही निसर्गाने तेलकट थर दिलेला आहे. साबण तो खरवडून नेतो. मग घाम लागला, किंचित मळ लागला, तरी आग होते. आग झाली की नख जाते. नखाने बारीक चिरा पडतात. चिरा भरू लागल्या की पुन्हा खाजते. हे रहाटगाडगे आपणच फिरवीत असतो.

ते थांबवावयास खर्च जवळजवळ नाही. शौचानंतर तांब्याभर साधे किंवा कोमट पाणी हळू सोडून हलक्या हाताने धुवावे. पाण्याने धुण्याची आपली जुनी चाल उत्तम आहे, तिला साबणाची जोड नको. साबण हातांस लावावा, तेथे तो अवश्य हवा. धुतल्यावर जागा ओली ठेवू नये. ही गोष्ट बहुतेक सर्व विसरतात. ओल्यावरच धोतर किंवा चड्डी चढविली की कातडी भिजून पांढरी व मऊ पडते. जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन टिपावे, पुसू नये. तुकडा ज्याचा त्याने वेगळा ठेवावा व रोज धुऊन उन्हात घालावा. मग झिंक ऑक्साइडचे साधे मलम किंवा पेट्रोलियम जेली बोटाच्या टोकाएवढी घेऊन पातळ लावावी. सुगंधी पावडर, अत्तरी साबण, जळजळ करणारे बाम यांस तेथे मज्जाव असावा. आतले कपडे सुती व सैल असावेत. भातलावणीत दिवसभर चिखलात राहिलेल्यांनी घरी आल्याबरोबर ओले कपडे बदलावेत. फार आग होत असेल तर घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसावे. त्यात काही घालू नये. तिखट, चहा व कॉफी यांनी कित्येकांची खाज वाढते. दोन आठवडे ती कमी करून पाहावीत, आपल्यास लागू आहे की नाही ते कळेल. शौचास पातळ होत असेल तर मळ पाझरतो, घट्ट होत असेल तर चीर पडते. म्हणून भाजीभाकरी व पाणी पोटभर हवे. इतके केल्यावर दोन दिवसांत गुण येत नाही. कातडी भरून यावयास दोन-तीन आठवडे लागतात, तितका धीर धरावा.

लेकरांची गोष्ट निराळी आहे. रात्री मूल झोपेतून उठून रडते, ढुंगण खाजवते, आणि आई त्यास 'घाणेरड्या' म्हणून चापट मारते. बाई, लेकरास मारू नको! बहुधा ते जंतांचे काम असते. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखा, सुमारे एक सेंटीमीटर लांबीचा हा जंत आतड्यात राहतो. रात्री मादी गुदद्वाराशी बाहेर येऊन तेथे अंडी घालते, म्हणूनच खाज रात्रीची. मूल खाजवते, अंडी नखांत जातात, तेच बोट तोंडात जाते. आणि अंथरुणावरून, कपड्यांवरून साऱ्या घरास लागण होते. दिवा घेऊन रात्री पाहिले तर कधी कधी जंत डोळ्यांस दिसतो. त्यावर अल्बेंडाझोलची गोळी आहे. परंतु ती एकट्या मुलास देऊन भागत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने घरच्या सर्वांनी एकाच दिवशी घ्यावी व दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावी. कारण गोळीने जंत मरतो, अंडी मरत नाहीत. गरोदर बाईने व अगदी तान्ह्यास मात्र डॉक्टरांस विचारल्याशिवाय देऊ नये. त्याबरोबर नखे कापावीत, सकाळी उठताच मुलाचे ढुंगण धुवावे, चड्डी बदलावी, गोधड्या धुऊन उन्हात टाकाव्यात. २०१५ सालापासून सरकार शाळा-अंगणवाड्यांतून १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनास ही गोळी फुकट देते. त्या दिवशी मूल घरी ठेवून गोळी चुकविणारे आईबाप पाहिले की आम्हास वाईट वाटते.

आता दोन ठगांविषयी. पहिला ठग ट्यूबमध्ये राहतो. दुकानात जाऊन 'खाजेचे मलम द्या' म्हटले की पुष्कळ वेळा स्टिरॉइड व इतर दोन-तीन औषधे मिसळलेली ट्यूब हाती पडते. दोन दिवसांत खाज पळते, म्हणून माणूस सहा महिने लावतो. कातडी कागदासारखी पातळ होते, आणि मुळात गजकर्ण असेल तर ते आतल्या आत पसरते. २०१८ साली सरकारने स्टिरॉइडची १४ मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. परंतु नियम कागदावर असतो व ट्यूब गल्ल्यावर. दुसरा ठग भिंतीवरच्या जाहिरातीत राहतो. तो दर खाजेस मूळव्याध म्हणतो आणि बैल विकावयास लावतो. खाजणाऱ्या प्रत्येकास मूळव्याध नसते. उलट मूळव्याध म्हणून वर्षानुवर्षे झाकलेले रक्त एखाद्या वेळी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निघते. तो लवकर सापडला तर बरा होण्यासारखा असतो. म्हणून रक्त पडते, गाठ लागते, पू येतो, वजन उतरते, शौचाची जुनी सवय बदलली आहे, किंवा तीन आठवडे वरीलप्रमाणे वागूनही खाज हटत नाही, यांतले एकही असेल तर घरी बसू नये. लघवी वारंवार होऊन खाज असेल तर साखर तपासून घ्यावी. मधुमेहात अशी खाज पुष्कळदा येते.

बायांचे हाल याहून अधिक. गावोगाव संडास बांधले गेले, पण कित्येक घरी पाणी अजून डोक्यावरून येते, आणि पाण्याची काटकसर पहिली होते ती बाईच्या तांब्यात. ऊसतोडीच्या फडावर तर आडोसाही नाही. बाई अंधार पडेपर्यंत दाबून धरते, मग मळ घट्ट होतो, चीर पडते, आग होते. घरधन्यांनो, तिच्या वाट्याचा तांब्या भरून ठेवणे हे तुमचेही काम आहे. धुताना पाण्याचा हात पुढून मागे न्यावा, उलट नेऊ नये. अंगावरून पांढरे जात असेल तर तेही खाजेचे कारण असते व त्यासही औषध आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सरकारी आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर व तपासणी मोफत करण्यात आली, तेव्हा पैशाची सबब फारशी उरली नाही. शरमेची सबब उरते. ज्या बाईस डॉक्टरापुढे तोंड उघडवत नसेल तिने नर्सबाईस बाजूला घेऊन सांगावे. तेही जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून चिठ्ठी लिहून घ्यावी: खाज किती दिवसांची, रात्रीची की दिवसाची, रक्त पडते की नाही, आजवर काय काय लावले. ती चिठ्ठी केसपेपरास टाचून पुढे करावी.