वस्तीतली वही आणि जगाची सभा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय कळल्यावर एका आजींनी आम्हाला सरळच विचारले, "गावात अजून पाण्यावरून भांडणं होतात, अन् तुम्ही जिनिव्हाचं काय घेऊन बसलात? तिथं सांगून इथं काय व्हायचं?" प्रश्न रास्त आहे. त्याचेच उत्तर देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

बंधु-भगिनींनो, ही वाट आपल्याला नवी नाही. १९२४ साली बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालवले आणि त्याच सभेने १९२८ साली सायमन कमिशनला लेखी निवेदनही दिले. एका हाताने पोरांच्या जेवणाची सोय, दुसऱ्या हाताने राज्यकर्त्यांपुढे कैफियत! १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी आपली बाजू मांडली. पुढे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचताच, १९४६ साली बाबासाहेबांनी तिथले विचारवंत डॉ. डू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. आपल्या लोकांचे गाऱ्हाणेही तिथे न्यावे, हे त्यांच्या मनात होते.

ते काम पुढे अनेक लहान-मोठ्या संस्थांनी उचलले. २००१ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली. आपले कार्यकर्ते मोठ्या संख्येने गेले. सरकारची भूमिका अशी, की जात म्हणजे वंश नव्हे. देशोदेशींच्या सरकारांनी मंजूर केलेल्या जाहीरनाम्यात जातीचा शब्द आलाच नाही. मग सगळे फुकट गेले का? नाही. वंशभेदाविरुद्धच्या १९६५ सालच्या करारात रंग आणि वंशाबरोबर 'कूळ' हाही आधार आहे. त्या कराराच्या समितीने १९९६ साली भारताला आणि २००२ साली सर्वच देशांना सांगितले, की जातीवरून होणारा भेदभाव यात येतो.

पण तिथे बोलायला उभे राहणेही सोपे नाही. आंतरराष्ट्रीय दलित एकजुटीसाठी २००० साली स्थापन झालेल्या एका संस्थेने २००८ साली संयुक्त राष्ट्रांकडे सल्लागार दर्जा मागितला. हा दर्जा असला की संस्थेला स्वतःच्या नावाने निवेदन देता येते, सभेत बोलता येते. तर आपल्याच देशाकडून एकामागून एक लेखी प्रश्न येत राहिले, शंभराहून अधिक! उत्तर दिले की नवा प्रश्न. दर्जा मिळाला तो डिसेंबर २०२२ मध्ये. चौदा वर्षे ही माणसं उत्तरं लिहीत राहिली, पण मागे हटली नाहीत.

आता आजींचे उत्तर. जिनिव्हाहून कोणी पोलीस पाठवत नाही. तिथली समिती सरकारला प्रश्न विचारते आणि सरकारला जगापुढे उत्तर द्यावे लागते. पण प्रश्न विचारायला पुरावा लागतो. "आमच्यावर अन्याय झाला" एवढ्याने भागत नाही. कुठे, कधी, कोणी, फिर्याद घेतली की नाही, हे सगळे लागते. ते जिनिव्हात तयार होत नाही, आपल्या वस्तीतच तयार होते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, पण फिर्यादीची प्रत मागून घेणारे किती? ती विनामूल्य मिळते आणि तो आपला हक्क आहे.

म्हणून आमची एकच विनंती. विहारात वर्गणीची वही आहे, तशीच अन्यायाच्या नोंदीची एक वही ठेवा. आपली शिकलेली लेकरं तारीखवार लिहून ठेवतील. आजी तोंडाने सांगतील, नात लिहील. त्या वहीतले एखादे पान उद्या जगाच्या सभेत वाचले जाईल, कदाचित जाणारही नाही. पण "असं काही घडलंच नाही" असे म्हणायला मात्र कोणाला जागा उरणार नाही.