ऋतूंची रोजनिशी

आज मी आपणांस एका वहीविषयी चार शब्द सांगणार आहे. वही अगदी साधी, शाळकरी मुलांची दोनशे पानी. तीत हिशोब नाही, कविता नाही, आत्मचरित्र तर मुळीच नाही. ‘सेमिनरी टेकडीवर पहिला पळस’, ‘अंबाझरीच्या काठी धोबी आला’, ‘पहाटे पावशा ओरडला’ अशा एकेका ओळीच्या नोंदी, आणि प्रत्येक ओळीपुढे तारीख. अशी वही मी पुष्कळ वर्षे ठेवीत आलो आहे.

आम्हां नागपूरकरांचे ऋतुज्ञान बहुधा कूलरच्या ताट्यांपाशी सुरू होते आणि संत्र्यांच्या ढिगापाशी संपते. मे महिन्यातील उन्हाची निंदा केली की निसर्गाविषयीचे आपले कर्तव्य संपले, असे आपण समजतो. वस्तुतः त्याच उन्हात केवढी ये-जा चाललेली असते! फाल्गुनात पान नसलेल्या फांद्यांवर पळस पेटतो. त्यामागून पहाटेच्या थंडाव्यात मोहाची फुले टपटप गळू लागतात. पुढे रस्त्याच्या कडेला बहाव्याची पिवळी झुंबरे लोंबतात. बहावा फुलल्यावर दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो, अशी लोकांची समजूत आहे. माझ्या वहीत हे गणित कधी जुळते, कधी साफ चुकते. परंतु ते चुकले हेही वहीमुळेच कळते. मग पावशा ‘पेरते व्हा’ म्हणू लागतो, पहिल्या सरींच्या सुमारास झाडीत नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते, आणि आफ्रिकेतून येणारा शेंडीवाला काळा-पांढरा चातक तारेवर येऊन बसतो. कविजनांनी या चातकाला चोच उघडून मेघाची याचना करावयास लावले. प्रत्यक्षात हा गृहस्थ आपली अंडी सातभाईच्या घरट्यात गुपचूप ठेवून देतो. काव्यातील चातकापेक्षा हा मला अधिक आवडतो.

आश्विनाच्या सुमारास धोबी येतो. हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून आलेला हा चिमुकला पांथस्थ तळ्याच्या ओलसर काठावर शेपटी खालीवर हलवीत धावत असतो. नवशिक्याची येथे हमखास फसगत होते. मीही पहिली दोन वर्षे फसलो. थोरला धोबी बारा महिने आपल्याकडेच राहतो. त्याचे डोके काळे आणि भुवई पांढरी. पाहुण्याचा चेहरा पांढरा. एवढा भेद ध्यानात येईपर्यंत मी घरच्याच माणसाचे परदेशाहून आल्याबद्दल स्वागत करीत होतो!

असल्या टिपणांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. इंग्लंडात नॉरफोक परगण्यातील रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ साली पहिली पाकोळी केव्हा आली, ओकला पालवी केव्हा फुटली, अशा तारखा लिहावयास प्रारंभ केला. त्याच्यामागे त्याच्या घराण्यातील माणसांनी ते काम १९५८ पर्यंत चालविले. वसंत उबदार असला की पालवी लवकर फुटते, हे पुढे शास्त्रज्ञांना या नोंदींवरून वर्षावर्षाच्या मापाने दाखविता आले. आपल्याकडे वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी रानातील लोकांकडून पशुपक्ष्यांची आणि झाडांची नावे गोळा करून मराठीला दिली. १८ जून २०२५ रोजी सोलापुरात त्यांचे देहावसान झाले. त्यांचा ५ नोव्हेंबर हा जन्मदिवस आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर, या दोहोंमधला काळ महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

पण माझ्या वहीत एक मोठी उणीव आहे, आणि तीच आज मला सांगावयाची आहे.

माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेली जनावरे टाकण्याच्या जागी गिधाडांची गर्दी असे. उन्हे चढली की ती आकाशात घिरट्या घालीत. आम्ही नाक दाबून पळत असू. त्यांच्याकडे कौतुकाने कोण पाहणार? पुढे ती दिसेनाशी झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत एक एवढीच उरली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कारण कळले ते २००४ साली. गुरांच्या वेदनेवर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसात राही, ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. २०२४ साली हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात वाढविलेली काही गिधाडे पेंच आणि ताडोबा येथे आणून मोकळी सोडण्यात आली.

हे सर्व वाचल्यावर मी वही उघडून बसलो. शेवटचे गिधाड मी कोणत्या दिवशी पाहिले? पळसाच्या, धोब्याच्या, चातकाच्या पहिल्या भेटीच्या तारखा मजजवळ ओळीने आहेत. गिधाडाची एकही नाही. ते रोजचे होते, म्हणून लिहिले नाही. आणि जो दिवस शेवटचा होता, त्या दिवशी तो शेवटचा आहे हे मला कोठून कळणार? त्या रात्री मी फार अस्वस्थ झालो.

तेव्हापासून वहीच्या मागील पानांवर मी दुसरी नोंद ठेवतो. तीत नवल असे काही नसते. कावळा, साळुंकी, चिमणी, पाल, संध्याकाळी दिव्याभोवती येणारे पतंग. जे रोज दिसते तेच, दर रविवारी, तारखेसह. घरातील मंडळी प्रथम हसली. आता नातच आठवण करते, “आजोबा, आज रविवार, कावळे मोजायचे राहिले.” मग आम्ही दोघे गच्चीवर जातो. मागच्या रविवारी सात कावळे होते, चिमण्या चार. नातीचे म्हणणे पाच. एक कौलाआड होती म्हणे. मी पाच लिहिल्या.