नव्या सिस्टरची पाठराखीण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलगी प्रथम सासरी निघाली, की आपण तिच्याबरोबर पाठराखीण धाडतो. परंतु शिक्षण पुरे करून शहापूर-मुरबाडच्या दवाखान्यात रुजू होणाऱ्या परिचारिकेबरोबर कोण येते? एक बॅग आणि नेमणुकीचा कागद!

मी याच कामात आयुष्य घालविले. माझ्या पहिल्याच रात्रपाळीला एक अडलेली बाळंतीण आली. मोठ्या रुग्णालयात न्यायला गाडी येईतो फार उशीर झाला. बाई वाचली, मूल गेले. नातेवाइकांनी नको ते ऐकविले. वरिष्ठांनी रजिस्टर मागितले. पहाटे मी राजीनामा लिहिला. वॉर्डातल्या मावशींनी चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "आधी हा घे, मग खुशाल कागद दे." तो कागद मी दिलाच नाही.

मैदानी भागात ५,००० वस्तीमागे आणि डोंगरी, आदिवासी भागात ३,००० वस्तीमागे एक उपकेंद्र, असे सरकारी प्रमाण आहे. हिशेब कागदावर सोपा. पावसाळ्यात ओढा ओलांडून पाड्यावर लस पोचविणे सोपे नाही. झोप उडणे, अन्न नकोसे होणे, गणवेश पाहताच छातीत धडधडणे, हा मुलीचा नाजूकपणा नव्हे. मनावरचा भार आहे. पहिले काही आठवडे अनुभवी परिचारिका सोबत असावी, वाईट रात्रीनंतर मन मोकळे करता यावे, रात्रपाळीनंतर पुरती झोप मिळावी, एवढ्याने तो पुष्कळ हलका होतो. तरीही न पेलला तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करावा. २०२२ साली सुरू झालेली ही सेवा मोफत असून रात्रंदिवस चालते.

रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले आणि स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट खुली केली. लोक त्या कामाला नाक मुरडीत, तेव्हा संस्था त्या मुलींच्या पाठीशी उभी राहिली. आपले मंडळ लहान खरे, पण पाठीशी उभे राहायला का मोठी इमारत लागते?

एकट्या मुलीला खोली द्यायला कुरकुर करू नका. सणाला तिला जेवायला बोलवा. आपला रुग्ण दगावला, तर दुःख करा. पण तिच्या अंगावर धावून जाणाऱ्याचा हात आधी आपणच धरा. आणि रात्रपाळी करून परतताना ती दिसली, तर एवढेच विचारा : "बाई, चहा घेतलास का?"

पाठराखीण म्हणजे तरी दुसरे काय असते?