संमती कोणाची?



आम्ही शाळामास्तर, औषधपाण्यातले आम्हांस फारसे कळत नाही. परंतु सरकारी कागद वाचून दाखविण्याचे काम मोहल्ल्यात बहुधा आमच्याच गळ्यात पडते, म्हणून दोन शब्द.

पैसे नाहीत एवढ्याच कारणाने कोणी उपचारांवाचून राहू नये, असे १९४६ साली भोर समितीने सांगितले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने त्या कामी संगणकाची मदत घ्यावयाचे ठरविले. २०१९ मध्ये ई-संजीवनी आली. गावच्या आरोग्य केंद्रात बसून दूरच्या डॉक्टरशी पडद्यावर बोलावे, तेही विनामूल्य. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले, आणि 'आभा' हा चौदा आकडी क्रमांक सर्वांसाठी खुला झाला. या योजनेत तपासणीचे कागद एका कोठारात जमा होत नाहीत. ज्या रुग्णालयाचे त्याच्यापाशीच राहतात, व रोग्याने संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. संमती मुदतीपुरती देता येते, मागेही घेता येते. क्रमांक घेणे ऐच्छिक आहे, हे मात्र रांगेत उभे असताना सहसा कोणी सांगत नाही.

बेळगावहून मिरजेस उपचारासाठी जाणारा रोगी बगलेत कागदांची पिशवी घेऊन जातो. पावसात ती भिजली की सारी तपासणी नव्याने, पैसेही नव्याने. तेव्हा योजनेचा लाभ आम्ही नाकारीत नाही.

पण संमतीचा ओटीपी मोबाईलवर येतो, आणि घरातला मोबाईल मुलाच्या खिशात असतो! आई कित्येक दुखणी सुनेपासून, क्वचित मुलापासूनही झाकून ठेवते. तिच्या नावाची संमती मुलाने बोट दाबून दिली, तर ती तिची म्हणावी काय? माणसागणिक एक फोन, असे धोरणाने गृहीत धरलेले दिसते. आमच्या घरांत चौघांत एक फोन असतो.

म्हणून आमची विनंती अशी की, दवाखान्याशेजारी एक खोली स्त्रियांसाठी द्यावी. वरच्या वर्गांतील मुलींनी तेथे बसून संमतीचा मजकूर मराठी, कन्नड, उर्दू, जिला जी भाषा समजेल तीत आधी सांगावा. मगच ओटीपी विचारावा. आणि जिला क्रमांक नको असेल, तिला आपल्या दवाखान्यातून परत पाठवू नये. जिन्याखालची खोली रिकामीच आहे. किल्ली चिटणीसांपाशी असते.