प्रोस्टेटचं जुनं दुखणं: जंतू आहे की नाही, कसं ठरवायचं?

आजचा विषय पुरुष घरात काढत नाहीत. माझ्यासमोरसुद्धा दार लावल्यावरच बोलतात.

मी सातारा-सांगली भागात लघवीच्या आजारांचे पेशंट बघतो. उसाच्या हंगामातले ट्रॅक्टरवाले, एसटीचे ड्रायव्हर, दुकानदार, मास्तर. तक्रार साधारण एकच: तीन-चार महिने ओटीपोटात आणि बैठकीच्या जागी दुखतंय, लघवीला सारखं जावं लागतंय, वीर्य बाहेर पडताना कळ येतेय. आणि पिशवीतून निघतात सिप्रोफ्लॉक्सासिनच्या रिकाम्या पट्ट्या. "इन्फेक्शन आहे म्हणाले, डॉक्टर." मी विचारतो, "कल्चर केलं होतं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, नाही.

आता ऐका. प्रोस्टेटच्या अशा जुन्या दुखण्यात खरोखर जंतू सापडतात ते १०० पैकी साधारण ५ ते १० जणांत. बाकीच्यांना दुखतं ते खरंच, पण त्यामागं ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू, नसा, ताण अशी कारणं असू शकतात. त्यांना अँटिबायोटिकचा कोर्सवर कोर्स देऊन काय होतं? जंतू औषधाला सरावतात, स्नायुबंध दुखावू शकतात, आणि दुखणं तिथंच राहतं.

मग जंतू शोधायचा कसा? १९६८ साली मिअर्स आणि स्टेमी या अमेरिकी डॉक्टरांनी चार नमुन्यांची तपासणी सांगितली. हल्ली दोन नमुन्यांवर बरंच भागतं. आधी मधल्या धारेची लघवी घ्यायची. मग डॉक्टर गुदद्वारातून बोटानं प्रोस्टेट हळू दाबतात. त्यानंतरची पहिली थोडी लघवी दुसऱ्या डबीत. दुसऱ्या डबीत तोच जंतू १० पट किंवा जास्त निघाला, तर मुक्काम प्रोस्टेटमध्ये आहे असं समजायचं. बहुतेक वेळा तो ई. कोलाय असतो. मग मात्र औषध काही आठवडे, पूर्ण घ्यायचं.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, अँटिबायोटिक चालू असताना दिलेल्या नमुन्यात जंतू लपून राहू शकतो, म्हणून आधी घेतलेली औषधं डॉक्टरांना सांगा. दोन, जतहून मिरजेला किंवा दहिवडीहून साताऱ्याला डबी एसटीनं आणू नका. बाहेर दोन तासांत जंतू वाढायला लागतात आणि रिपोर्ट फसतो. नमुना लॅबमध्येच द्या. तीन, थंडी वाजून ताप असेल, लघवी अडली असेल, तर हा मसाज करायचाच नाही. जंतू रक्तात जाऊ शकतात. तेव्हा थेट दवाखाना गाठायचा.

आणखी एक. लघवीत पू-पेशी दिसतात, पण साध्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असं झालं तर आपल्याकडं टीबीची तपासणी करायलाच हवी. तिचं कल्चर वेगळं असतं.

तेव्हा पुढची पट्टी फोडण्याआधी एवढंच विचारा: "डॉक्टर, जंतू सापडलाय का? कुठला?" यात लाजण्यासारखं काही नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.